सही करू की नको? डब्लिनच्या बुक क्लबमधून आलेलं पत्र

(पत्र थोडं कापलंय, नावं सगळी काढून टाकलीयेत.)

"ताई, मी मूळची निपाणीची, लग्नानंतर पुणे आणि आता अकरा वर्षं डब्लिन. आम्ही फिब्सबरोमध्ये राहतो. आमचा सात बायकांचा बुक क्लब आहे, महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जमतो, मी सोडून सगळ्या आयरिश. या क्लबमुळे मला इथे माणसं मिळाली. माझ्या बाळंतपणात आईचा व्हिसा लांबला तेव्हा यांनीच आळीपाळीने डबे आणून दिले होते.

आता क्लब मोडायच्या बेतात आहे. आमच्यात एक बहात्तर वर्षांच्या रिटायर्ड इंग्लिश टीचर आहेत, क्लब त्यांनीच सुरू केला. दुसरी तिशीतली, तिच्या धाकट्या भावंडाने मागच्या वर्षी घरी सांगितलं की मी मुलगी आहे. या दोघी मला सगळ्यात जवळच्या. या दोघींतल्या धाकटीने क्लबमध्ये एका ट्रान्स बाईला (जन्मली तेव्हा मुलगा म्हणून नोंद झालेली, आता बाई म्हणून जगणारी) आणलं, ती लायब्ररीत काम करते. ती पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या घरी होतं, मी बटाटेवडे केले होते, सगळ्या गप्पांत रंगल्या आणि ही एकटी उठून भांडी विसळायला आली. दुसऱ्या दिवशी टीचरबाईंनी ग्रुपवर लिहिलं की हा बायकांचा क्लब आहे आणि तसाच राहावा. मग जे सुरू झालं ते विचारू नका. टर्फ (ट्रान्स बायकांना बाई न मानणाऱ्या स्त्रीवाद्यांना देतात ती शिवी) काय, बायकांचे शत्रू काय.

आता दोन कागद फिरतायत. एक धाकटीचा, क्लबचं निवेदन म्हणून. एक टीचरबाईंचा, इथल्या लोकप्रतिनिधीला पाठवायचा. दोघींनी मला सही मागितलीये आणि दोघी म्हणतायत की तू नाही केलीस तर मला कळेल तू कुठे उभी आहेस. नवरा म्हणतो दोन्हीकडे गोड बोल आणि बाजूला हो, परक्या देशात कशाला भानगडीत पडतेस. ते पटत नाही, पण काय पटतं तेही कळत नाही.

आणि एक सांगू का, आईला फोनवर हे सांगायला गेले तर वाक्यच पूर्ण होईना. तो आला म्हणू की ती आली? आई म्हणाली, म्हणजे आपल्याकडच्या टाळ्या वाजवणाऱ्या का गं? मी काहीतरी कारण काढून फोन ठेवला.

— काठावरची"

काठावरची,

तुझं पत्र आल्यावर मी तुला उलट मेल करून दोन्ही कागद मागवले होते, कारण मजकूर न वाचता कर किंवा करू नको सांगणं मला जमत नाही. तीनतीनदा वाचले. उत्तर आधीच सांगते, मग बाकीचं. दोन्हीवर सही करू नकोस.

पण नवरा म्हणतो त्या कारणासाठी नाही हं. मेलमध्ये तूच लिहिलंयस की २०२३ ला किलार्नीला जाऊन तू नागरिकत्वाची शपथ घेतलीस आणि ८ मार्च २०२४ च्या सार्वमतात पहिलं मत दिलंस. बाईचं घरातलं आयुष्य आणि आईची घरातली कर्तव्यं याबद्दल जे कलम त्यांच्या घटनेत १९३७ पासून बसलंय ते बदलायचं का, या प्रश्नावर तुझं मत मोजलं गेलंय, मग परका देश कसला. गोड बोलून बाजूला होणं हा सल्ला भाडेकरूला ठीक आहे.

मी स्वतः २००९ ते २०१६ आयर्लंडमध्येच गॉलवेला होते, एका फार्मसीत कामाला. त्यामुळे तुझ्या टीचरबाईंच्या वयाच्या बायका मला काउंटरच्या पलीकडून माहितीयेत. आमच्याकडे टूथपेस्टच्या शेजारी कंडोमची पाकिटं टांगलेली असायची आणि एक आजीबाई दर वेळी तिथे थांबायच्या. एकदा मला म्हणाल्या, पोरी, याला आमच्या वेळी डॉक्टरची चिठ्ठी लागायची. मला वाटलं वयाप्रमाणे काहीतरी बोलतायत, नंतर शोधलं तर शब्द न् शब्द खरा. १९३५ पासून आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकं विकायला आणि आणायला बंदी होती, १९७९ च्या कायद्याने परवानगी मिळाली पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि कुटुंबनियोजनासाठीच हवीयेत असं डॉक्टरला पटलं तर. चिठ्ठीशिवाय कंडोम मिळायला १९८५ उजाडलं.

तुझ्या टीचरबाई १९७१ मध्ये अठरा वर्षांच्या असणार. त्याच वर्षी २२ मे ला सत्तेचाळीस बायका डब्लिनहून आगगाडीने बेलफास्टला गेल्या, ते उत्तर आयर्लंडमध्ये, ब्रिटनच्या राज्यात, तिथे कायदा वेगळा ना, आणि गर्भनिरोधकं घेऊन कस्टमवाल्यांच्या नाकासमोरून परत आल्या. गोळ्यांना तिथेही चिठ्ठी लागते हे दुकानात गेल्यावर कळलं तेव्हा त्यांच्यातल्या पत्रकार नेल मॅकॅफर्टीने ॲस्पिरिनची पाकिटं घेतली आणि परत आल्यावर तीच गर्भनिरोधक गोळ्या म्हणून फडकावली, कारण कस्टमवाल्या पुरुषांना फरक काय कळणार. तू लिहिलंस की टीचरबाईंच्या थोरल्या बहिणीला लग्न झालं म्हणून सरकारी नोकरी सोडावी लागली. तो नियमच होता, १९७३ पर्यंत. बाई म्हणून घेतलं, बाई म्हणून काढलं.

आणि तू मेलमध्ये त्यांच्या कपाटातल्या त्या पाच जाड खंडांबद्दल लिहिलंस, पहिल्या तीनवर धूळ आणि शेवटचे दोन वाचून वाचून सैल झालेले, ते वाचून मी क्षणभर थांबलेच. ते फील्ड डे चे खंड गं. १९९१ मध्ये आयरिश साहित्याचा हा भलाथोरला संग्रह तीन खंडांत निघाला, दीड हजार वर्षांचं सगळं एकत्र म्हणून, आणि त्यात बायका इतक्या कमी की देशभर बोंब झाली. विभागांचे संपादक सगळे पुरुष. मग बायकांनी बसून चौथा आणि पाचवा खंड केला, बायकांच्या लेखनाचा आणि परंपरांचा, तो आला २००२ मध्ये. अकरा वर्षं. त्यानंतरही २०१५ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरने १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाच्या शताब्दीचा कार्यक्रम जाहीर केला तर दहा नाटकांत बाईचं एकच, तेव्हा पुन्हा बायका उठल्या आणि त्याच थिएटरमध्ये जाऊन सभा भरवली. एखादी बाई आयुष्यभर हे बघत आली असेल आणि आता हॉस्पिटलच्या पत्रातून, कायद्याच्या मसुद्यातून बाई हा शब्द जाऊन व्यक्ती आलेला तिला दिसत असेल तर तिला चटका बसणारच. तिला सरसकट द्वेष्टी म्हणून टाकणं मला अन्याय वाटतो. आपल्याला मोजलंच गेलं नव्हतं हे तिने पाहिलंय, म्हणून आपल्याला कशाने मोजायचं यावर ती अडून बसते.

आता धाकटीकडे ये.

अथाय नावाचं एक गाव आहे किल्डेअर काउंटीत. तिथल्या डेंटिस्ट लिडिया फॉय. त्यांनी १९९३ मध्ये सरकारकडे मागणी केली की माझ्या जन्मदाखल्यावर मी स्त्री असल्याची नोंद करा. नकार. कोर्टात गेल्या, २००२ मध्ये हरल्या, आणि त्यानंतर दोनच दिवसांत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनच्या एका केसमध्ये नेमका उलटा निकाल दिला. परत लढल्या, २००७ मध्ये हायकोर्टाने मान्य केलं की आयर्लंडचा कायदा युरोपियन मानवी हक्क कराराशी विसंगत आहे, तरी कायदा यायला २०१५ उजाडलं. एका दाखल्यासाठी बावीस वर्षं, काठावरची. जुलै २०१५ चा हा जेंडर रेकग्निशन ॲक्ट, याच्यात अठरा पूर्ण झालेल्या माणसाने स्वतः शपथपत्र द्यायचं, डॉक्टरचा कागद नको, पॅनेल नको. पहिलं प्रमाणपत्र फॉय यांनाच मिळालं. धाकटीच्या भावंडाला उद्या जो कागद एका फॉर्मवर मिळेल तो या बाईने बावीस वर्षं घासून मिळवलाय.

आणि हे झालं ते वर्ष बघ. त्याच वर्षीच्या मे मध्ये बासष्ट टक्क्यांनी समलिंगी लग्नाला हो म्हटलं गेलं होतं. तीन वर्षांनी, २५ मे २०१८ ला, ६६.४ टक्क्यांनी गर्भपाताची बंदी घटनेतून काढली. धाकटीच्या पिढीला या सगळ्या एकाच धाग्यातल्या गोष्टी वाटतात, माझ्या शरीराबद्दल आणि माझ्या नावाबद्दल सरकारने आणि चर्चने ठरवायचं नाही. आणि मला विचारशील तर त्यांचं म्हणणं खरंच आहे.

इथे मला तुझ्या जिल्ह्याची आठवण काढावीच लागते. सविता हलप्पनवार बेळगावची. तीही डेंटिस्ट. एकतीस वर्षांची. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये वारली, गर्भ वाचणार नाही हे कळूनही ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग, झाला. मी तेव्हा तिथेच होते, आयर स्क्वेअरला मेणबत्त्या घेऊन लोक उभे होते त्यात मीही होते, आणि माझ्या शेजारी एक बाई सारखी सॉरी सॉरी म्हणत होती, मला बघून, जणू मी तिची बहीणच. २०१८ मध्ये डब्लिनला पोर्टोबेलोत भिंतीवर सविताचं चित्र काढलं होतं आणि निकालानंतर लोकांनी त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, ते तू पाहिलं असशील. त्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांत तुझ्या टीचरबाईंसारख्या होत्या, धाकटीसारख्या होत्या आणि ट्रान्स माणसंही होती, कारण त्या मोहिमेत ही सगळी एकत्र राबली होती. दोन डेंटिस्ट बायका, एकीने जन्मदाखल्यासाठी आयुष्य घालवलं, एकीचा जीव गेला, आणि दोन्हीकडे आडवी आली ती एकच गोष्ट, की तू कोण आणि तुझ्या शरीराचं काय हे आम्ही ठरवणार. तुझ्या क्लबमधल्या दोघी याच एका जखमेवरून बोलतायत आणि दोघींना वाटतंय की जखम फक्त आपलीच आहे.

मग भांडण कुठून आलं? तू विचारलंयस की इंग्लंडमध्ये म्हणे जास्त आहे. आहे खरं, तिथे एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांच्या समानता कायद्यातली स्त्री म्हणजे जन्मजात लिंगाने स्त्री. तो निकाल डब्लिनला लागू नाही, एवढं मात्र तुझ्या ग्रुपवर कुणीतरी स्पष्ट लिहा, अर्धा वाद त्या गैरसमजावर चाललाय. आयर्लंडमध्ये तर २०१८ च्या जानेवारीतच बऱ्याच स्त्रीवाद्यांनी ब्रिटिश बायकांच्या एका गटाला जाहीर पत्र लिहिलं होतं की आमच्याकडे येऊन आम्हाला स्त्रीवाद शिकवू नका, ट्रान्स बायका आमच्यातल्याच आहेत. इंग्लंडहून कुणी शिकवायला आलं की आयरिश माणसाचं काय होतं ते तुला माहितीये, त्यामुळे बाजू अगदी लवकर ठरल्या. नॅशनल विमेन्स काउन्सिलही ट्रान्स हक्कांच्या बाजूने. ज्यांना काही विचारायचं होतं त्या टीचरबाईंसारख्या बायकांना आपल्याच घरात बसायला जागा उरली नाही असं वाटू लागलं. २०२० च्या शेवटी ट्रान्स संघटनेने एक पत्र काढलं, त्यावर ॲम्नेस्टीच्या आयर्लंड शाखेचीही सही होती, आणि त्यात मीडियाने आणि राजकारण्यांनी अशा मतांना प्रतिनिधित्व देऊ नये अशी मागणी होती. मी ट्रान्स हक्कांच्या बाजूची, तरी ते वाक्य मला खुपलं होतं आणि अजून खुपतं. ज्या देशात चर्चने अमुक बोलायचं नाही, तमुक छापायचं नाही यात पिढ्या घालवल्या, तिथल्या म्हाताऱ्या बाईला तू बोलूच नकोस म्हटल्यावर तिला काय ऐकू येत असेल! दुसऱ्या बाजूचंही सांगते. जून २०२२ मध्ये सरकारी रेडिओवर या विषयावर काही दिवस लोकांचे फोन घेतले गेले, इतकं काही बोललं गेलं की डब्लिन प्राइडने, म्हणजे तिथल्या एलजीबीटी महोत्सवाने, त्या संस्थेशी मीडिया पार्टनरशिप तोडली. तुझ्या लायब्ररीतल्या बाईने कामावर जाताना बसमध्ये ते ऐकलं असेल तर? आपण माणूस आहोत की नाही यावर अख्खा देश फोन करतोय, आणि आपण तिकीट हातात धरून उभे.

आता आयरिश कादंबरीकार जॉन बॉइनचं. धाकटीच्या कागदात त्याचं पुस्तक यादीतून काढा असं आहे आणि तू विचारलंस की त्याने केलंय तरी काय. २०१९ मध्ये त्याने मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, एका मुलाची, ज्याचा मोठा भाऊ सांगतो की मी मुलगी आहे. लिहिली सहानुभूतीने, पण पुस्तकाच्या नावातच तिला भाऊ म्हटलंय म्हणून ट्रान्स वाचक दुखावले, आणि त्याच सुमारास त्याने आयरिश टाइम्समध्ये लिहिलं की माझा ट्रान्स हक्कांना पाठिंबा आहे पण सिस (म्हणजे ट्रान्स नसलेला) हा शब्द मी स्वतःला लावून घेणार नाही. त्यावर त्याला ट्विटरवर इतकं झोडपलं की तो तिथून निघून गेला. पुढे त्याची मतं कडक होत गेली. २०२५ मध्ये तर ब्रिटनमधल्या पोलारी या एलजीबीटी साहित्याच्या पुरस्काराच्या यादीत त्याचं पुस्तक आलं, त्या पुस्तकाचा या वादाशी काही संबंध नव्हता, पण त्याने नुकतंच जे. के. रोलिंगची बाजू घेत स्वतःला टर्फ म्हणवून घेतलं होतं, तेव्हा बाकीच्या लेखकांनी आपली नावं काढून घ्यायला सुरुवात केली, शेकडो साहित्यिकांनी निषेधाचं पत्र काढलं आणि शेवटी त्या वर्षीचा पुरस्कारच थांबवला. हा माणूस स्वतः गे आहे. मला त्याचं आत्ताचं बोलणं पटत नाही, ते कुणाला लागत असेल हेही कळतं. पण २०१९ मध्ये जो माणूस पाठिंबा आहे, पण, असं म्हणत होता त्याच्याशी त्या 'पण' वर कुणी शांतपणे बोललं असतं तर तो आज कुठे असता, हा प्रश्न मला सतावतो. तुझ्या टीचरबाई आज त्या 'पण' वर उभ्या आहेत.

आता ते कागद.

धाकटीच्या कागदात तीन वाक्यं आहेत. पहिलं, आमचा क्लब सगळ्या बायकांना खुला आहे, ट्रान्स बायकांसकट. यावर मी आत्ता सही करीन. दुसरं, ट्रान्स हक्कांच्या विरोधात बोललेल्या लेखकांची पुस्तकं वाचणार नाही. हे सात जणींनी महिन्याच्या महिन्याला ठरवायचं, नको वाटलं तर नका घेऊ, पण नियम करून कपाटाला कुलूप लावू नका. तिसरं, जिला हे मान्य नाही तिने क्लब सोडावा. म्हणजे ज्या बाईने क्लब काढला, जिने तुला बाळंतपणात डबा आणून दिला, तिला सहीने बाहेर काढायचं. यावर मी सही करणार नाही.

टीचरबाईंच्या कागदात चार मागण्या. सर्व्हायकल, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या, तपासणीच्या पत्रांत बायका हा शब्द ठेवा, ही पहिली, आणि ती मला पूर्ण पटते, त्यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने. फार्मसीत मी रोज बघायचे, नवीन आलेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या बायका, त्यांना सर्व्हिक्स असलेल्या व्यक्ती म्हणजे आपण, हे कसं कळणार. तुझी आई ते पत्र वाचून बाजूला ठेवील की नाही सांग. बायका आणि सर्व्हिक्स असलेल्या इतर व्यक्ती असं दोन्ही लिहावं, लिहितातही, कागदावर दोन शब्दांना जागा असते. दुसरी, तुरुंग आणि मारहाणीतून सुटलेल्या बायकांची निवारागृहं इथे कुणाला कसं ठेवतात याचे नियम जाहीर करा. विचारू दे की, हा खरा प्रश्न आहे, तिथल्या बायकांच्या जिवाशी आहे, तिथे माणूस बघून आणि धोका बघून ठरवावं लागतं, आणि तो विचारणाऱ्या बाईला लगेच शिवी देणाऱ्यांनी एक दिवस तिथे काम करावं. तिसरी, २०१५ चा कायदा रद्द करा. नाही. बावीस वर्षं, आत्ताच सांगितलं तुला. रद्द करा म्हणजे ज्यांनी दहा वर्षं त्या कागदावर पासपोर्ट काढले, नोकऱ्या घेतल्या त्यांना पुन्हा तारखेवर तारीख. चौथी मागणी खरं तर मागणीच नाही, त्यात ट्रान्स बायकांचा उल्लेख स्त्रीवेषातले पुरुष असा केलाय. तुझ्या सिंकपाशी बाह्या वर करून उभ्या असलेल्या बाईबद्दल हे वाक्य आहे, तिचं नाव नसलं तरी. तू ज्या हाताने तिला पुसायचं फडकं दिलंस त्याच हाताने इथे सही करणार का?

तुरुंगाचा प्रश्न वेगळा, खेळांचा वेगळा, लहान मुलांच्या उपचारांचा तर फारच वेगळा आणि अवघड, आणि तुमच्या पुढच्या महिन्याच्या बैठकीत सोफ्यावर कोण बसणार हा प्रश्न अगदीच वेगळा. सगळ्यांचं एकच गाठोडं केलं की सोपी गोष्टही अवघड होते. बुक क्लबमध्ये तिने येण्याने कुणाचं काही बिघडत नाही. येऊ द्या. याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि तूही ती ठेवू नकोस. हे तू टीचरबाईंना सांगायचंस, त्यांना वाईट वाटलं तरी.

सहीबद्दल एवढं का म्हणतेय ते सांगते. पुण्यात मी तरुणपणी एका बायकांच्या संस्थेत जायचे. तिथे एका वयस्क कार्यकर्तीवरून वाद झाला, तिने मीटिंगमध्ये काही बोललं होतं जे आम्हा पोरींना मागासलेलं वाटलं. कागद फिरला. माझ्या मैत्रिणीने लिहिला होता म्हणून मी सही केली, जिन्यात उभ्याउभ्या, पर्सवर कागद ठेवून, पूर्ण वाचलाही नाही. नंतर कळलं की त्यात तिला संस्थेतून काढा असं होतं. ती बाई गेली. दोन वर्षांनी लक्ष्मी रोडला समोरासमोर आलो, तिने मला ओळखलं, माझं नाव घेतलं आणि विचारलं, तू वाचलं होतंस का गं ते? मी हो म्हणाले. खोटं बोलले. तेव्हापासून सगळं पटल्याशिवाय मी सही करत नाही, आणि अर्धं पटत असेल तर तेवढंच स्वतःच्या शब्दांत लिहून देते.

तूही तेच कर. दोघींना वेगवेगळं भेट, ग्रुपवर अजिबात काही लिहू नकोस. टीचरबाईंकडे आधी जा, त्या वयाने मोठ्या आहेत आणि आत्ता एकट्या पडल्यात. त्यांना सांग की पहिल्या मागणीचं पत्र वेगळं लिहा, त्यावर मी सही करते आणि माझ्या ओळखीच्या दहा भारतीय बायकांच्या आणते, कारण आम्हाला त्याची खरोखर गरज आहे. आणि सांग की ती पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसणार आहे, तुम्हीही या, नाही आलात तर मी डबा घेऊन येईन पण तिला नको म्हणणार नाही. मग धाकटीला सांग की पहिल्या वाक्यावर माझी सही घे, तिसरं वाक्य काढ. ती चिडेल. तिला वाटेल की तुला तिच्या भावंडाचं काही नाही. तेव्हा भावंडाबद्दल विचार, कसं चाललंय, झोप लागते का, डॉक्टरकडे नंबर कधी लागणार, कारण तिथे मोठ्यांनाही वर्षानुवर्षं वेटिंग असतं आणि त्या घरातल्या माणसांना हे कुणी विचारतच नाही, सगळे मतंच विचारतात.

आणि तिसरी? तुझ्या दोन पानी पत्रात आणि दोन्ही कागदांत मिळून एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही, ती म्हणजे त्या लायब्ररीतल्या बाईचं म्हणणं. तिला यायचंय का अजून? तिच्यावरून कागद फिरतायत हे तिला माहितीये का? तिला मेसेज कर, चहाला बोलाव, पुस्तकाबद्दल बोल. ती भांडी विसळायला आली म्हणजे तिला त्या खोलीत अवघडल्यासारखं झालं होतं, नवीन घरात आपण सुनाबाळी पण तेच करतो की, हाताला काम शोधतो.

आईचा प्रश्न राहिला. आपल्याकडच्या टाळ्या वाजवणाऱ्या का, असं तिने विचारलं तर रागावू नकोस, तिला तेवढंच माहितीये. सांग की आपल्याकडची ती एक वेगळी परंपरा आहे, गुरू असतात, चेले असतात, त्यांची घराणी असतात, आणि ही तशी नाही, ही लायब्ररीत कामाला आहे आणि एकटी राहते, किंवा जे काही असेल ते. आणि तो की ती यावर तू अडलीस ते साहजिक आहे, आपली भाषा क्रियापदातसुद्धा सोडत नाही, आला की आली ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, अहो-जाहो केलं तरी ते आले की त्या आल्या आहेच. चुकवायचंच असेल तर वाट आहे, 'त्यांनी भांडी विसळली' म्हणायचं, तिथे क्रियापद भांड्यांच्या मागे जातं आणि माणूस कोण ते कळत नाही. मी पण आधी तसंच काहीतरी सुचवणार होते तुला. पण नको. आईला फोन लाव आणि सरळ सांग की ती आली होती, तिने दोन वडे खाल्ले आणि तिने सगळी भांडी विसळली, मग आई पुढे काय विचारते ते ऐक.